इंजिन खोलण्याआधी मॅनिफोल्ड पाहा



विहिरीवरचा पंप आपण रोज पाहतो. सक्शन पाइपाला बारीक भोक पडले की पंप हवा धरतो आणि पाणी चढत नाही. पंप चांगलाच असतो, दोष पाइपाचा असतो. जुन्या पेट्रोल मोटारीचेही असेच होते.

आपल्या नंदुरबार, शहादा, तळोदा भागात कुणाच्या दारात जुनी अँबॅसडर उभी असेल. ही गाडी बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार होई. २०१४ साली ती बनणे बंद झाले. तिचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळते. ते मिश्रण ज्या नळ्यातून इंजिनात जाते, तो इनलेट मॅनिफोल्ड. त्याला दोन तोंडे असतात. एक तोंड दोन सिलिंडरांना पुरवते.

तोंडाजवळचे पॅकिंग फाटले, तर तिथून जादा हवा आत शिरते. पेट्रोल कमी पडते. गाडी उभी केली की इंजिन धडधडते, बंद पडते. पळताना मात्र बरी वाटते. कुणी म्हणतो, "इंजिन गेले, खोला!" खर्च ऐकून मालक गाडी भंगारात देतो. तसे करू नका. आधी परीक्षा करा.

थंड इंजिन नुकतेच सुरू केले असता जोडावर इंजिन ऑइलचे चार थेंब सोडा. इंजिनाची चाल बदलली, तर तिथूनच हवा जाते असे समजा. पेट्रोल कधीही टाकू नका. भडका उडेल!

आता काम कसे करावे ते सांगतो. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची तार काढा. जवळ विडी नको. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर सोडवा. गंजलेल्या नटांना रात्रभर तेल पाजा. जोर केला तर स्टड तुटतो. मॅनिफोल्ड निघाल्यावर इंजिनाच्या भोकांत स्वच्छ चिंधी घाला, म्हणजे आत काही पडणार नाही.

जुने पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडा. धातू मऊ असतो, त्यावर ओरखडा नको. तडा आहे का पाहा. पोलादी पट्टी दोन्ही तोंडांवर आडवी ठेवा. खालून उजेड दिसला, तर तोंड वाकले आहे. ते वर्कशॉपमधून सपाट करून आणा.

धुराचा मॅनिफोल्डही त्याच बाजूला असतो. एकच वायसर दोघांना दाबतो. दोघांची जाडी सारखी नसेल, तर एक ढिला राहतो. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

चिंध्या आठवणीने काढा. नवे पॅकिंग बसवा. नट मधून कडेला, थोडे थोडे आवळा. गाडी चालवून थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावा.

बंधुभगिनींनो, आम्ही एवढेच म्हणतो : आधी दोष शोधावा, मग खर्च करावा. पॅकिंगचा दोष असेल, तर इंजिनाचे पैसे का द्यावेत?