फोन वाजेल, पण गोळी मिळेल काय?



उच्च रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. म्हणून माणूस गोळी मध्येच सोडतो आणि एके दिवशी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना हा विकार आहे. त्यांपैकी निदान झालेले केवळ ३७ टक्के, आणि रक्तदाब आटोक्यात असलेले अवघे १५ टक्के.

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र व राज्य सरकारे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम हाती घेतला. प्रारंभीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. परिचारिका मोबाइलवरील 'सिंपल' या ॲपमध्ये रक्तदाबाची नोंद करते. ठरल्या दिवशी न आलेल्या रुग्णांची यादी त्यातूनच निघते, आणि त्यांना फोन केला जातो. ही सोय उपकारक आहे, यात शंका नाही.

परंतु नोंदव्यवस्था हे त्या उपक्रमाच्या पाच सूत्रांपैकी केवळ एक. सुटसुटीत औषधक्रम, औषधांचा अखंड पुरवठा, कर्मचाऱ्यांमधील कामाची वाटणी आणि रुग्णाच्या सोयीची, घराजवळची सेवा ही उरलेली चार. फोन स्वस्त असतो, म्हणून राज्यकर्त्यांना तो प्रिय. साठा आणि मनुष्यबळ यांना पैसा लागतो. शेतमजूर बाई फोन आला म्हणून रोज बुडवून केंद्रावर जाते आणि रिकाम्या हाताने परतते, तेव्हा त्या फोनची किंमत तीच मोजते. पुढच्या वेळी ती कशाला जाईल?

शिवाय फोन कोणाच्या हाती आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. उरलेल्या भगिनींपर्यंत पोहोचायचे तर आशा सेविकेलाच दार ठोठवावे लागते. आणि २००५ पासून राबणारी ही सेविका अद्याप वेतनावर नाही, मानधनावर आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या आरोग्य केंद्रात जाऊन तीन प्रश्न विचारावेत : ॲम्लोडिपिनचा साठा किती दिवसांचा आहे? रुग्णाला एका खेपेस निदान महिन्याच्या गोळ्या मिळतात काय? न आलेल्यांच्या घरी कोण जाते, आणि त्या श्रमाचा मोबदला काय? उत्तरे समाधानकारक नसतील, तर ती ग्रामसभेत मांडावीत. स्मरण करून देणे हे यंत्राचे काम. औषध पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ते त्याच्याकडून करवून घेणे हे आपले.