अवकाशातील शस्त्रस्पर्धा आणि आपण



आंतरराष्ट्रीय राजकारण हा आपल्याकडे गप्पांचा मोठा आवडता विषय आहे. लोकलच्या डब्यात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात कोणाचे क्षेपणास्त्र किती किलोमीटर जाते आणि चंद्रावर कोण आधी उतरले याची चर्चा क्रिकेटच्या धावसंख्येच्या थाटात रंगते. या गप्पांना मी मुळीच कमी लेखत नाही. परराष्ट्रनीती ही मूठभर अधिकाऱ्यांची मिरासदारी नव्हे. तिच्याविषयी लोक बोलतात हे उत्तमच. मात्र या गप्पांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. अवकाशविज्ञान म्हणजे ज्ञानाचे निर्मळ क्षेत्र आणि युद्ध म्हणजे निराळाच व्यवहार, अशी ती समजूत. तिला इतिहासाचा आधार नाही.

अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत प्रथम पोचलेले यंत्र हे नाझी जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण होते. डोरा येथील छळछावणीतील कैद्यांकडून भुयारात ते बनवून घेतले जाई, आणि त्याच्या माऱ्यात जितकी माणसे मेली त्याहून अधिक ते बनविताना मेली. 4 ऑक्टोबर 1957 रोजी स्पुटनिकला वर नेणारे वाहन मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी घडविलेले आंतरखंडीय क्षेपणास्त्र होते. आपलाही अपवाद नाही. 1980 साली रोहिणी उपग्रह नेणाऱ्या एस.एल.व्ही.-3 वाहनावरूनच 1989 च्या अग्नी क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा घडविला गेला.

पण हे नाते अटळ असले तरी अनिर्बंध नाही. 9 जुलै 1962 रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे 400 किलोमीटर उंचीवर 1.4 मेगाटनाचा अणुस्फोट केला. चौदाशे किलोमीटरांहून दूर असलेल्या हवाई बेटांवरचे रस्त्यांचे दिवे विझले. त्याने निर्माण केलेल्या किरणोत्साराने ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल निकामी केला, म्हणजे मित्राचाच! त्याच वर्षी ऑक्टोबरात क्यूबाचा पेचप्रसंग उद्भवला. मग महासत्तांना थोडी जाग आली. 1963 साली अवकाशातील अणुचाचण्यांवर बंदी आली आणि 1967 साली बाह्य अवकाश करार झाला. अण्वस्त्रे व सामूहिक संहाराची अन्य शस्त्रे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ठेवायची नाहीत आणि कोणत्याही खगोलावर कोणी मालकी सांगायची नाही, हे त्याचे सार. मानवजातीच्या इतिहासात एवढ्या विस्तीर्ण प्रदेशावरचा मालकीहक्क आधीच सोडून दिल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

या करारात एक मोठे भगदाड मात्र राहिले. साध्या, म्हणजे अण्वस्त्र नसलेल्या, शस्त्राने दुसऱ्याचा वा स्वतःचा उपग्रह फोडण्यास त्याने मनाई केलेली नाही. 11 जानेवारी 2007 रोजी चीनने आपलाच जुना हवामान-उपग्रह सुमारे 865 किलोमीटर उंचीवर फोडला. मागोवा घेता येईल असे तीन हजारांहून अधिक तुकडे त्यातून निर्माण झाले. तेथे हवा इतकी विरळ की त्यांतील अनेक अजून फिरत आहेत. त्यांचा वेग सेकंदाला सात किलोमीटरांहून अधिक असतो. त्या वेगाने आलेला चेंडूएवढा तुकडासुद्धा उपग्रहाचा चुराडा करतो. 2008 साली अमेरिकेने, 27 मार्च 2019 रोजी भारताने आणि 15 नोव्हेंबर 2021 रोजी रशियाने हेच केले. रशियन चाचणीने दीड हजारांवर मोठे तुकडे उधळले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील सात जणांना परतीच्या यानांत आश्रय घ्यावा लागला, आणि त्यांत रशियाचे स्वतःचे अंतराळवीरही होते.

भारताची चाचणी तीनशे किलोमीटरांच्या आत, मुद्दाम कमी उंचीवर झाली. बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळून गेले. ही खबरदारी घेतली हे मान्य केले पाहिजे. त्या चाचणीमागचा युक्तिवादही पोरकट नव्हता. 1967 च्या जानेवारीपूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला तेवढेच अण्वस्त्रधारी, अशी रेघ अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने ओढली आणि आपण कायमचे बाहेर राहिलो. तशीच रेघ अवकाशात ओढली जाण्यापूर्वी क्षमता सिद्ध करावी, असे अनेक जाणकारांना वाटत होते.

ठीक. क्षमता सिद्ध झाली. मग पुढे? डिसेंबर 2022 मध्ये उपग्रह फोडणाऱ्या अशा चाचण्या न करण्याचे आवाहन करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे आला. 155 राष्ट्रांनी पाठिंबा दिला, नऊ विरोधात गेली, नऊ तटस्थ राहिली. तटस्थांत भारत होता. केवळ स्वेच्छेचे वचन नको, कायद्याने बांधणारा आणि पडताळता येणारा करार हवा, ही आपली अधिकृत भूमिका आहे. ती तत्त्वतः बरोबरच आहे. ठराव मांडणाऱ्या अमेरिकेचे हातही स्वच्छ नाहीत. आपल्या चाचण्या उरकल्यावर तिला संयम सुचला, आणि रशिया व चीनने 2008 साली मांडलेला कराराचा मसुदा तिने फेटाळला होता. तो मसुदाही मोठा चतुर होता. अवकाशात शस्त्र ठेवण्यास त्यात बंदी होती, पण जमिनीवरून शस्त्र सोडण्यास मोकळीक होती! एप्रिल 2024 मध्ये तर 1967 च्या कराराची केवळ पुनरुक्ती करू पाहणाऱ्या सुरक्षा समितीच्या ठरावावरही रशियाने नकाराधिकार वापरला.

दोन्ही बाजूंच्या या कावेबाजपणात भारताने स्वतःची वाट का काढू नये? 1963 साली थुंब्याच्या कोळीवस्तीतून आपला अवकाशप्रवास सुरू झाला, आणि ते केंद्र 1968 साली संयुक्त राष्ट्रांना अर्पण केले गेले. 1975-76 मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील 2400 खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे दूरदर्शन कार्यक्रम पोचविण्याचा प्रयोग आपण केला. उपग्रह अमेरिकेचा होता, कल्पना आणि कार्यक्रम आपले होते. आज वादळाची पूर्वसूचना रत्नागिरीच्या मच्छीमारापर्यंत जाते ती उपग्रहामुळेच. कक्षा कचऱ्याने भरली तर श्रीमंत राष्ट्रे नवे उपग्रह सोडतील, त्यांच्या कंपन्या हजारोंनी सोडतच आहेत. एकेका उपग्रहावर भिस्त ठेवणाऱ्या गरीब देशांचे काय होणार?

बंधनकारक करार हवा असेल तर त्याचा मसुदा भारताने स्वतः मांडावा, आणि तो होईपर्यंत आपण पुन्हा अशी चाचणी करणार नाही असे जाहीर करावे. यासाठी एक रुपयाही खर्च नाही आणि सिद्ध झालेली क्षमता त्याने नाहीशी होत नाही. आपल्या खासदारांना हे पत्राने कळवा, आणि ठरावावर आपण तटस्थ का राहिलो हा प्रश्न लोकसभेत विचारावयास सांगा.