दावणीची ओढ



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला उशिराची शिक्षा कधीच केली नाही. "धार काढून आलास ना? मग बैस," एवढेच ते म्हणत. त्या ऋणाचे स्मरण ठेवून आज मी ग्रंथांविषयी न बोलता गोठ्याविषयी बोलणार आहे.

हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान, रायापुरात, आमच्या दावणीला सहा म्हशी होत्या. मध्यम बांध्याच्या, अर्धचंद्राकृती शिंगांच्या, धारवाडी जातीच्या. कलघटगी, हल्याळ, यल्लापूरच्या रानांतून मराठी बोलणारे धनगर गवळी आजही म्हशी राखून आहेत. ही म्हैस दूध बेताचेच देते. परंतु त्यात स्निग्धांश सुमारे 7 टक्के असतो. धारवाडच्या पेढ्याचा लौकिक अशाच दाट दुधावर उभा राहिला. या जातीची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र नोंद मात्र 2021 साली झाली. तोवर आमची दावण केव्हाच रिकामी झाली होती.

ती का रिकामी झाली? 1970 साली दूध महापूर योजना सुरू झाली आणि आणंदच्या धर्तीवर कर्नाटकातही सहकारी दूधसंघ उभे राहिले. दुधाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. गोठ्याला मात्र जागा उरली नाही. 1962 साली दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली होती. पुढे वस्ती वाढत गेली तशी गायराने आटली. कडबा विकत, सरकी विकत, पेंडही विकत. म्हैस सुमारे 310 दिवस गाभण राहते; त्यातले शेवटचे महिने भाकड. दूध थांबते, वैरण थांबत नाही. हा हिशेब वडिलांना अखेर पेलला नाही.

शेवटची म्हैस विकल्यानंतर तिसऱ्या दिवशी घेणाऱ्याचा निरोप आला की, म्हैस पान्हा सोडत नाही. वडील चालत गेले, तिच्या पाठीवर हात ठेवून नेहमीची हाक घातली. तिने पान्हा सोडला. कासंडी भरली. वडील परतले, ते जेवण न करताच निजले. त्यानंतर त्यांनी गोठ्याकडे पाहिले नाही.

मी नोकरी केली, निवृत्त झालो. तरी आजही पहाटे चार वाजता जाग येते आणि हात धार काढण्यासाठी उगाच वळतात. ही ओढ निव्वळ गतकाळाची आहे काय, असे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. आठवणीतल्या गोठ्यात शेण नसते, डास नसतात, आजारी रेडकू नसते. आईला सणावारीही माहेरी जाता आले नाही, हेही त्या आठवणीत नसते. माझी पत्नी विचारते, "तुम्ही आजारी पडलात तर धार कोण काढणार?" या प्रश्नाला भावनेने उत्तर देता येत नाही.

म्हणून मी उत्तर आकड्यांत शोधले. सहा नव्हे, दोनच म्हशी. एक दुभती असताना दुसरी गाभण. वैरणीपुरते रान कलघटगीच्या बाजूला खंडाने. आणि शेजारच्या एका तरुणाशी दुधात निम्मा वाटा. नफा फारसा उरणार नाही. परंतु ज्याला माझ्यानंतर ती हाक घालता येईल, असा एक माणूस तयार होईल.

विद्यार्थी मित्रांनो, सोडलेल्या कामाकडे परतावेसे वाटले, तर आधी त्याचे कष्ट आठवा. ते आठवूनही ओढ उरली, तर ती खरी समजा.