कुंडीतला छत्रीवृक्ष

हौसेने घरात आणलेले शोभेचे झाड सुकले, की ते तहानेने सुकले असे समजण्याकडे बहुतेकांचा कल असतो. वस्तुस्थिती पुष्कळदा नेमकी उलट असते. रोपवाटिकांतून शेफ्लेरा या नावाने मिळणारा ठेंगणा छत्रीवृक्ष हे याचे बोलके उदाहरण होय. एकाच देठाच्या टोकाशी साधारणतः सात ते नऊ पर्णिका छत्रीच्या काड्यांसारख्या भोवताली पसरतात. त्यावरून त्याला हे नाव पडले. झाड मोठे काटक. तरीही कित्येक घरांतून ते पाहता पाहता नाहीसे होते, आणि तेही निष्काळजीपणामुळे नव्हे, तर अतिकाळजीमुळे! याचे कारण त्याच्या जन्मभूमीत शोधले पाहिजे.

ही वनस्पती मूळची तैवान व हैनान या बेटांवरील. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ बुन्झो हायाता यांनी १९१६ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या शास्त्रीय नावातील ‘अर्बोरिकोला’ या पदाचा अर्थ ‘झाडावर वस्ती करणारी’ असा आहे. रानात ती पुष्कळदा मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर रुजते. मात्र ती बांडगूळ नव्हे. बांडगूळ आश्रयदात्याचा रस शोषते. ही वनस्पती आमरीप्रमाणे केवळ आधार घेते. फांदीवर पावसाचे पाणी येते आणि लगेच निथळून जाते. मुळांना ओल मिळते, तशीच मोकळी हवाही मिळते. पाणी व हवा यांच्या या पाळीवरच तिचे सारे जीवन बेतलेले आहे.

आता कुंडीतली स्थिती पाहावी. माती चिकण, तळाचे भोक बुजलेले आणि वर रोज सकाळी तांब्याभर पाणी! मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात, हवा निघून जाते आणि मुळे गुदमरून कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. म्हणून माती चिंब असतानाही पाने माना टाकतात, पिवळी वा काळी पडून गळतात. घरच्यांना वाटते झाड तहानलेले आहे, म्हणून पाणी वाढविले जाते. मायेने केलेला हा उपचारच शेवटी प्राणघातक ठरतो.

तेव्हा पाणी दिवस मोजून घालू नये. मातीला विचारून घालावे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागली तर थांबावे. कोरडे लागले तर तळातून पाणी वाहीपर्यंत घालावे आणि ताटलीत साचलेले पाणी फेकून द्यावे. मातीत वाळू किंवा नारळाचा भुसा व थोडे जुने शेणखत मिसळले, की ती भुसभुशीत राहते. गोव्यात व बेळगावकडे पावसाळ्यात माती लवकर वाळत नाही. तेथे हात आवरावा. ग्वाल्हेर, इंदूरकडील उन्हाळ्यात कुंडी लवकर सुकते, म्हणून बोटाची परीक्षा वरचेवर घ्यावी. हिवाळ्यात पारा दहा अंशांच्या खाली जाऊ लागला, की झाड घरात आत घ्यावे.

उजेड भरपूर, पण दुपारचे कडक ऊन नको. पूर्वेकडील खिडकी उत्तम. अंधाऱ्या कोपऱ्यात फांद्या लांबट होतात आणि चित्रविचित्र पानांच्या जातींतील पिवळेपणा ओसरतो. पाने ओल्या फडक्याने पुसावीत. पाने चिकट लागली किंवा मुंग्यांची ये-जा दिसली, तर देठांपाशी खवले कीड वा पिठ्या ढेकूण शोधावा. कीड पुसून काढून निंबोळी तेलाचे पातळ मिश्रण फवारावे. शेंडे खुडल्यास झाड डेरेदार होते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. या झाडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चघळल्यास तोंडाची आग होते व सूज येते. रांगणारी मुले, मांजर व कुत्रा यांच्यापासून ते दूरच असावे.

माती ओली असूनही झाड मलूल दिसले, तर ते कुंडीतून अलगद काढून मुळे पाहावीत. पांढरी, टणक मुळे निरोगी. तपकिरी, लिबलिबीत मुळे कुजलेली. कुजलेली कापून टाकावीत व झाड नव्या, हलक्या मातीत लावावे. सारीच मुळे गेली असतील, तरी आशा सोडू नये. वीतभर निरोगी फांदी छाटून, खालची पाने काढून वालुकामय मातीत सावलीत खोचली, तर काही आठवड्यांत तिला मुळे फुटू शकतात.

झाडाला माया हवी, यात शंका नाही. पण ती त्याची गरज ओळखणारी हवी. रोज तांब्या उचलण्याआधी क्षणभर मातीला बोट लावणे, एवढ्या साध्या सवयीत या झाडाचे आयुष्य सामावलेले आहे.