लिंबू, पट्टा आणि रिव्हेट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिवजयंती आली किंवा रायगडावरचा ६ जूनचा राज्याभिषेक दिन जवळ आला, की आमच्या महाड-पोलादपूरकडे संध्याकाळच्या वेळी शाळांच्या मैदानांवर काठीवर काठी आपटल्याचे आवाज येऊ लागतात. मी गेली वीस-बावीस वर्षे मुलांना लाठी, फरी-गदका आणि दांडपट्टा शिकवतो आहे. या खेळांच्या शौर्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज बोलायचे आहे ते लागण्याबद्दल.

दांडपट्टा तुम्ही मिरवणुकीत पाहिला असेल. लांब, लवचीक, दुधारी पाते आणि हात थेट कोपरापर्यंत झाकणारी लोखंडी मूठ. तिला खोबळा म्हणतात. तलवार धरणाऱ्याचे मनगट मोकळे असते, ऐन वेळी तो वार आवरू शकतो. खोबळ्यात मनगट बांधले जाते. फेक येते ती खांद्यातून, साऱ्या अंगातून. एकदा सुटलेला पट्टा मध्येच थांबवणे फार अवघड. आणि अशा हत्याराने आम्ही काय करून दाखवतो, तर जमिनीवर निजलेल्या मुलाच्या तळहातावरचे, मानेखालचे लिंबू कापतो. लोक टाळ्या वाजवतात. मीही वर्षानुवर्षे त्या टाळ्या घेतल्या.

पंधरा वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातल्या एका गावी असाच कार्यक्रम होता. दुपारी सराव करताना खोबळ्यात पाते किंचित खडखडते आहे, हे मला जाणवले होते. पाते रिव्हेटने बसवलेले असते. त्यातले एक सैल झाले होते. मी चिंधी कोंबली आणि वेळ मारून नेली. संध्याकाळी लिंबू मुलाच्या मानेजवळ ठेवले होते. पाते जरासे फिरले. लिंबू कापले गेले आणि त्याबरोबर मुलाच्या कानाची पाळीही. तेरा वर्षांचा पोर. नऊ टाके पडले. दोन बोटे अलीकडे पाते आले असते तर काय झाले असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. दवाखान्याच्या ओट्यावर त्याची आई एवढेच म्हणाली, "मास्तर, लिंबू कापायला माझंच पोर गावलं व्हय तुमाला?" मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

तेव्हापासून मी निजलेल्या माणसावर लिंबू कापणे बंद केले. लिंबू आता लाकडी ठोकळ्यावर ठेवतो. यावर जाणत्या मंडळींनी मला बरेच सुनावले. ठोकळ्यावरचे लिंबू कापण्यात कसली मर्दानगी, डोक्याला टोप घालून लाठी खेळतात हे कुठल्या इतिहासात लिहिले आहे, असे ते म्हणतात.

इतिहासातच लिहिले आहे. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे, शिवभारत लिहिणाऱ्या. तिथून आंबेनळी घाट चढून गेले की प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराज अफझलखानाच्या भेटीला गेले, ते अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्याला पोलादी टोप घालून. त्यामुळे महाराज कमी शूर ठरले, असे कोणी म्हणत नाही. पोलादपूरजवळच उमरठ; तिथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी. सिंहगडावर त्यांची ढाल तुटली आणि दुसरी वेळेवर मिळाली नाही, ही कथा मुलांना पाठ असते. मी त्यांना विचारतो, यातून तुम्ही काय शिकलात? मुले म्हणतात, हाताला शेला गुंडाळून लढायचे. मी म्हणतो, बरोबर. पण आपली ढाल आधी तपासायची. आपल्यावर कोणी रात्री कडा चढून जायची वेळ आणलेली नाही.

जुन्या वस्तादांना ही समज चांगली होती. फरी-गदका हा खेळच मुळी तलवार न वापरता तलवार शिकण्यासाठी आहे. गदका म्हणजे चामडे चढवलेली काठी, फरी म्हणजे लहानशी ढाल. बोथाटी तर फारच हुशारीची. घोड्यावरून भाला खेळायचा, पण भाला बोथट. दहा फुटी बांबूच्या टोकाला फाळाऐवजी लाकडी गोळा, त्यावर कापड. गोळा रंगात बुडवायचा. अंगावर रंगाचा डाग पडला की वार लागला. वादही मिटला आणि बरगडीही वाचली. बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढून असे खेळ कागदावर आणले. आपली पथके ते खंड उघडत नाहीत, मोबाईल उघडतात.

मोबाईलवरूनच आमच्याकडे नवी टूम आली आहे. युरोपात २०१० पासून, पहिल्यांदा युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात, मध्ययुगीन चिलखते घालून खरोखरीचे वार करण्याच्या सांघिक स्पर्धा सुरू झाल्या. त्यांची चित्रणे पाहून चार तरुण माझ्याकडे आले. म्हणाले, सर, आपणही मावळे विरुद्ध मोगल असे लढू. एकाने फॅब्रिकेशनच्या दुकानातून पत्र्याचे चिलखतही करून आणले होते. मी ते हातात घेतले. कडा दुमडलेल्या नव्हत्या, गळ्याशी पत्रा सुरीसारखा. टोपाला आतून अस्तर नाही. त्याच्या डोक्यावर टोप ठेवून मी वरून काठीने हलकेच टकटक केले. पोरगा कळवळला. लोखंड धार अडवते. दणका अडवतो तो कापूस. म्हणून तर पूर्वी चिलखताच्या आत जाड, कापूस भरलेली डगली घालत.

त्या स्पर्धांचे नियम मी मुद्दाम वाचून काढले. हत्यारे खरी लोखंडाची, पण धार गोल केलेली. भोसकायला पूर्ण बंदी. मानेच्या मागे, गुडघ्याच्या मागे, जांघेत वार करायचा नाही. जो पडला तो बाद, आणि पडलेल्यावर हात उगारायचा नाही. चिलखतात कमी पडलेला माणूस रिंगणात येऊच शकत नाही. तरुणांनी चित्रणात फक्त मारामारी पाहिली होती. आणि पंचवीस-तीस किलो लोखंड अंगावर घेऊन मे महिन्यातल्या महाडच्या दमट उकाड्यात कोणी लढणार असेल, तर वाराआधी त्याला उष्माघातच गाठेल. मी नाही म्हणालो. दोघे रुसून गेले. ते आणखी कुठे तरी प्रयत्न करतील, ही धास्ती मला आहे.

नियम बहुधा कोणाच्या तरी रक्ताने लिहिले जातात. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री १५५९ साली, प्रतापगडाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, भाल्यांच्या खेळात डोळ्यात भाल्याची ढलपी घुसून मेला. १९८२ साली रोममध्ये जागतिक तलवारबाजी स्पर्धेत सोव्हिएत ऑलिंपिकविजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह खेळत होता. समोरच्याचे पाते मोडले आणि तुटके टोक मुखवट्याच्या जाळीतून आरपार गेले. काही दिवसांनी तो वारला. त्यानंतर मुखवट्याची जाळी, पात्याचे पोलाद, अंगातले जाकीट सगळे बदलले. एवढे घडल्यावर शहाणपण आले. आपण तेवढे होईपर्यंत थांबायचे का?

आमच्या पथकात आता काही गोष्टी ठरल्या आहेत. रिंगणाभोवती दोर; पट्टा फिरत असताना आत दुसरे कोणी नाही. पाते अधिक हाताची लांबी, त्याच्या दुप्पट अंतरावर प्रेक्षक. फोटो काढणारे हे मानत नाहीत, त्यांच्याशी दर वेळी भांडावे लागते. अठराच्या आतल्या मुलाच्या हातात धारदार पाते नाही. कायद्यानेही नऊ इंचांहून लांब धारदार पाते म्हणजे शस्त्र. ते मुलांच्या दप्तराबरोबर एसटीत घालून न्यायची वस्तू नव्हे. लाठीच्या जोडीला टोप आणि गुडघ्या-कोपराला पॅड. जूनमध्ये गडावर पाऊस सुरू झालेला असला तर ओल्या फरसावर उड्या बंद, मग पाहुणे कोणीही असोत. २०२४ साली शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला, फार चांगले झाले. तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणारी मुले वाढली. सैल रिव्हेटचे पट्टेही वाढले.

कार्यक्रमाआधी प्रत्येक हत्यार एक जण हातात घेऊन, हलवून, वाकवून पाहतो, आणि त्याने बाजूला काढलेले हत्यार त्या दिवशी परत येत नाही. हे काम मी ज्याच्याकडे दिले आहे, त्याच्या डाव्या कानाच्या पाळीला खाच आहे. गेल्या खेपेला उमरठच्या वाटेवर एका गावी खेळ होता. त्याने सगळी हत्यारे पाहिली आणि माझाच पट्टा बाजूला ठेवला. मी म्हणालो, अरे, ठीक आहे तो. त्याने काही न बोलता खोबळा माझ्या कानाजवळ धरून हलवला. आत बारीक खडखड होत होती.