पालवणकर बाळूंचा विलायत दौरा



कसोटी संघाचा परदेश दौरा म्हटला की आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी एकच साल येतं, १९७१. ते यायलाच हवं. अजित वाडेकरांच्या संघाने त्या वर्षी आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा काढणाऱ्या सुनील गावसकरांचं मूळ वेंगुर्ल्याचं, आणि वेंगुर्लं तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. त्या विजयावर रत्नागिरीने हक्क सांगितला तर तो वाजवीच आहे.

पण आज मी बोलणार आहे त्याच्या साठ वर्षं आधीच्या एका दौऱ्याबद्दल. त्या दौऱ्यात आपण सपाटून हरलो. तरी आपल्या परदेश दौऱ्यांची कथा तिथूनच सुरू करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कारण त्या हरणाऱ्या संघाची गोलंदाजी ज्याने खांद्यावर वाहिली, त्याचं आडनाव आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण गावावरून आलेलं आहे. पालवणकर बाळू.

१९११ साल कसं होतं ते आधी आठवून पाहा. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इथे रत्नागिरीत, आपल्या नव्या राजवाड्यात, नजरकैदेत होता. आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच थिबाच्या मंडालेत तुरुंगात होते. जुलैच्या ४ तारखेला सावरकरांना अंदमानात उतरवण्यात आलं. लंडनमध्ये २२ जूनला पंचम जॉर्जचा राज्याभिषेक समारंभ झाला. त्याच उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये खेळत होता. त्याआधी १८८६ आणि १८८८ साली पारशांचे संघ जाऊन आले होते, पण ‘भारताचा’ म्हणून गेलेला हा पहिलाच. कसोटीचा दर्जा अजून एकवीस वर्षं लांब होता.

संघ निवडला तो पारशी, हिंदू, मुसलमान असा जमातवार. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय वर्षं एकोणीस. महाराजांना लंडनच्या समारंभांतून आणि मेजवान्यांतून सवड क्वचितच मिळाली, त्यामुळे बहुतेक सामने संघ त्यांच्याविना खेळला. तेवीस सामने झाले. सहा जिंकले, पंधरा हरले, दोन अनिर्णित. नुसत्या प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांचा हिशेब आणखी वाईट आहे: दहा पराभव, दोन विजय.

आता याच्या शेजारी बाळूंचा हिशेब ठेवा. दौऱ्यात ११४ बळी, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात १०३ धावांत ८ बळी. लीस्टरशायरला हरवलं त्या सामन्यात दोन्ही डाव मिळून ११. पुढे सॉमरसेटला एका गड्याने हरवलं, त्यात नाबाद शतक ठोकलं बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम यांनी. म्हणजे प्रथम दर्जाच्या ज्या दोन काउंटी सामन्यांत भारत जिंकला, त्या दोन्हींवर पालवणकर हे नाव ठळक उमटलेलं आहे.

या आकड्यांबद्दल एक गोष्ट क्रिकेट जाणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. बाळू डावखुरे, संथ फिरकी टाकणारे. अशा गोलंदाजाला इंग्लंडात हवा असतो पाऊस. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. पावसाने भिजून उन्हात सुकू लागलेली खेळपट्टी मिळाली की चेंडू थांबून येतो, काटकोनात वळतो, आणि फलंदाज असहाय होतो. पण १९११ चा इंग्लिश उन्हाळा कमालीचा कडक आणि कोरडा गेला. खेळपट्ट्या टणक, आकाश निरभ्र. तिथे फिरकी गोलंदाजाला मिळतं ते फक्त त्याच्या बोटांत आणि डोक्यात असेल तेवढंच. उजव्या यष्टीच्या रोखाने चेंडू ठेवायचा, एक सरळ जाऊ द्यायचा, पुढचा त्याच जागी टाकून बाहेर काढायचा, मधेच हात जरा मागे ठेवून चेंडू हवेत थोडा जास्त वेळ तरंगवायचा. आणि हे षटकामागून षटकं, दुसऱ्या टोकाकडून फारशी मदत नसताना. माझ्या मते ११४ या आकड्याची खरी किंमत त्या उन्हाळ्यात आहे.

ही बोटं तयार कुठे झाली? पुण्यात. वडील लष्करात होते, बाळूंचा जन्म धारवाडचा. चर्मकार समाजातलं हे कुटुंब. लष्करातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर भाऊ खेळायला शिकले. पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रूळ फिरवायची नोकरी, पगार महिना तीन रुपये. नंतर गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे जाळ्यात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचं काम लागलं. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी, आणि आपल्याला बाद केलं की आठ आणे देई, अशी कथा आहे. बाळूंना तिथे फलंदाजी मात्र कधीच करू दिली नाही. बॅट साहेबाच्या हाती, चेंडू नोकराच्या.

पुण्यातल्या हिंदू संघाला याच गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि हरवणारा गोलंदाज होता अस्पृश्य. बरीच खळखळ झाली. शेवटी बाळूंना संघात घेतलं. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत बसत आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. तोंड धुवायचं तर पाणी घालायला अस्पृश्य गडी, तोही कोपऱ्यात. जेवणाचं ताट वेगळं, मेज वेगळं. श्रोतेहो, त्या भांड्यातला चहा पिऊन हा माणूस पुन्हा मैदानात जाई आणि त्याच माणसांसाठी बळी घेई. याचा मला आजही संताप येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

पुढे मुंबईत हवा थोडी मोकळी होती. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते, आणि देशभर आनंद झाला. पण हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. १९११ च्या कामगिरीनंतरही नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच गाळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जाहीर निषेध करून खेळायला नकार दिला, त्यानंतर बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केलं. अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंनी जमातवार संघांची स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाने तीस वर्षं चेंडू टाकले, तेव्हा धाकट्याला मान मिळाला.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक विलक्षण गोष्ट. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. तेही लष्करातल्या माणसाचे चिरंजीव, तेही जिल्ह्याबाहेर, महूला जन्मलेले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत हे दोघे रत्नागिरीकर समोरासमोर उभे राहिले. बाळू त्याआधी पुणे कराराच्या वाटाघाटींत बाबासाहेबांच्या विरोधी गटाबरोबर होते. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब जिंकले ते इतिहासाच्या दृष्टीने योग्यच झालं असं मी मानतो. पण त्यामुळे बाळूंचं नाव दोन्हीकडून मागे पडलं. क्रिकेटवाल्यांनी त्यांना कसोटीपूर्व काळातले म्हणून बाजूला ठेवलं, आणि चळवळीच्या इतिहासात ते फक्त पराभूत उमेदवार उरले. रामचंद्र गुहा आणि प्रशांत किदंबी यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथांत ही कथा तपशिलाने मांडली, हे त्यांचे मोठेच उपकार.

आता पुन्हा १९७१. ओव्हल मैदान, ऑगस्ट महिना. चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी घेतात, इंग्लंड १०१ धावांत गारद. त्याच डावात वेंकटराघवनच्या चेंडूवर फलंदाजाच्या पुढ्यात, बॅटपासून हातभर अंतरावर झेपावून एकनाथ सोलकर ॲलन नॉटचा झेल घेतात. सोलकर हे मुंबईच्या हिंदू जिमखान्यातल्या मैदान राखणाऱ्या कामगाराचे चिरंजीव, मैदानालगतच्या खोलीत वाढलेले. याच जिमखान्याकडून बाळू खेळले होते. आणि त्या संघात डावखुरी संथ फिरकी टाकणारा होता बिशनसिंग बेदी. विनू मांकड, बापू नाडकर्णी, बेदी अशी जी परंपरा आपण अभिमानाने सांगतो, तिचे पहिले थोर गोलंदाज बाळू.

या सभागृहात जिल्ह्यातल्या क्रिकेट मंडळांचे बरेच कार्यकर्ते बसले आहेत. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की वाडीवाडीत टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात, चषक लागतात, आणि शेवटी उत्कृष्ट गोलंदाजाचं बक्षीस दिलं जातं. माझी त्यांना विनंती आहे, यंदापासून ते बक्षीस पालवणकर बाळू यांच्या नावाने द्या. आणि ते देताना ध्वनिक्षेपकावरून दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं, हे बाळू कोण होते ते त्या पोरांना सांगा. पहिली ढाल मी देतो.