पळायला काय शिकायचं?



आज आपण मुलांच्या खेळाविषयी चार शब्द बोलू.

आम्ही पुणे शहरात शाळेतल्या मुलांना खेळ शिकवतो. एकदा पालकांच्या सभेला एक शेतकरी गृहस्थ आले होते. त्यांचा मुलगा पुण्याला मामाकडे राहून शिकत होता. आम्ही सभेत सांगत होतो, की पाचवीच्या मुलांना आम्ही आधी पळायला, उडी मारायला, फेकायला आणि झेलायला शिकवतो. ते गृहस्थ उठून उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी, रागावू नका. पण पळायला काय शिकायचं? मागं कुत्रं लागलं, की पोरगं आपोआप पळतं!"

सगळी सभा हसली. आम्हीही हसलो. पण त्यांनी विचारलेली गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पुष्कळांच्या मनात तीच शंका असते. म्हणून तिचे उत्तर आज नीट देऊ.

तुम्ही बोलायला कुठे शिकलात? आईच्या मांडीवर. त्यासाठी कुणी वर्ग भरवला नाही. मग या साक्षरतेच्या वर्गाला का आलात? बोलणे येत होते, पण लिहिणे-वाचणे येत नव्हते. पहिल्या दिवशी पाटीवर 'ग' काढताना तुमचा हात कसा अडखळला, आठवते ना? तोच हात औत धरत होता, तोच हात भाकरी थापत होता. हाताला ताकद कमी नव्हती. त्याला वळण नव्हते. ते वळण गिरवून गिरवून आले.

शरीराचेही असेच आहे. पळणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे, वळणे, लोळणे ही शरीराची मुळाक्षरे आहेत. ती थोडीफार आपोआप येतात. पण नीट येण्यासाठी कुणीतरी दाखवावी लागतात आणि मुलाने ती गिरवावी लागतात. अक्षरे जुळली की शब्द होतो. या हालचाली जुळल्या की खेळ होतो.

तालमीचे उदाहरण घ्या. नवा पोरगा तालमीत आला, की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी मोठा डाव शिकवतो का? नाही. पाय कसे रोवायचे, वजन कुठे ठेवायचे, पडलो तर अंग कसे चोरायचे, हे आधी. तिथे कुणी विचारत नाही, की उभे राहायला काय शिकायचे! मग शाळेच्या मैदानावरच का विचारावे?

आता पुण्यातली एक जुनी, खरी हकिकत सांगतो. पुण्यात बसने फिरलात तर 'डेक्कन' नावाचा थांबा लागतो. कुणाला वाटेल, ते नुसते थांब्याचे नाव. पण डेक्कन जिमखाना ही खेळांची संस्था आहे. ती १९०६ साली निघाली. पुढे सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष झाले. जमशेदजी टाटांचे हे थोरले चिरंजीव.

१९१९ साली जिमखान्याने धावण्याच्या शर्यती भरवल्या. धावायला कोण आले होते? शेतात राबणारी, साधी भाजी-भाकरी खाणारी पोरे. पायात काही नाही. मैदान लहान आणि खडबडीत. शंभर यार्डांची शर्यत, म्हणजे शंभर पावलांच्या आसपासची. ती सरळ रेषेत पळायची असते. पण ही मंडळी ती वळणावरून पळायच्या बेतात होती. प्रत्येकाची वाट वेगळी राहावी म्हणून दोऱ्या बांधतात, त्याही नव्हत्या. लोकांना वाटे, पळणे म्हणजे पळणे, त्यात आणखी काय करायचे? दोराबजींनी पुढे हे एका पत्रात लिहून ठेवले आहे.

पण त्यांनी दुसरीही गोष्ट पाहिली. या अनवाणी पोरांपैकी काही जण परदेशातल्या धावपटूंच्या तोडीचे पळत होते. दोराबजी थक्क झाले. त्यांनी खटपट केली, स्वतःचा पैसा घातला, आणि १९२० साली बेल्जियम देशातल्या अँटवर्प शहरी ऑलिंपिकच्या सामन्यांना हिंदुस्थानचा लहानसा संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. बेचाळीस किलोमीटरहून लांब अशा शर्यतीत साऱ्या जगाच्या धावपटूंत त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला.

या हकिकतीतून काय घ्यायचे? आपल्या मुलांच्या अंगात जोर आहे. तो शेताने दिला, डोंगराने दिला. पण जोर असणे वेगळे आणि तो वापरता येणे वेगळे.

आता काही मुळाक्षरे पाहू. घरी गेल्यावर तुम्हीही करून बघा.

पहिले, पळणे. लहान मूल पळताना हात छातीसमोर आडवे हलवते. मग अंग डावी-उजवीकडे डुलते आणि वेग वाया जातो. हात कोपरात वाकवावे आणि पुढे-मागे हलवावे. नजर पायांकडे नको, समोर हवी. थांबायचे असेल तर पावले लहान करावी, गुडघे जरा वाकवावे. एकदम ताठ पायांवर थांबले तर गुडघ्याला हिसका बसतो.

दुसरे, उडी. उडी मारणे सगळ्यांना येते. खरे शिकायचे ते जमिनीवर उतरणे. बैलगाडीवरून ताठ पायांनी उडी टाकली, की डोक्यापर्यंत कशी झिणझिणी जाते! तेच चवड्यांवर उतरून, घोटे आणि गुडघे वाकवले, तर धक्का पायांत जिरतो. मांजर कसे उतरते ते बघा. आवाजसुद्धा होत नाही. आम्ही मुलांना हेच सांगतो, "उतरताना आवाज आला नाही पाहिजे."

तिसरे, फेकणे. ज्याला शिकवलेले नाही ते मूल समोर तोंड करून नुसत्या मनगटाने फेकते. चेंडू चार हातांवर पडतो. उजव्या हाताने फेकायचे असेल तर डावा पाय पुढे हवा. अंग थोडे तिरके, वजन आधी मागच्या पायावर, मग पुढच्या. कंबर वळते, खांदा वळतो, शेवटी हात येतो. गोफण फिरवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गोफणीचा दगड नुसत्या हाताने जात नाही, सगळ्या अंगाने जातो.

चौथे, झेलणे. नजर शेवटपर्यंत चेंडूवर हवी. चेंडू हातात आला, की हात जरा अंगाकडे ओढून घ्यावे. वरून टाकलेली कणसाची पेंढी आपण घेतो, तसे. पण एक ध्यानात ठेवा. जे मूल चेंडूला भिते त्याला कठीण चेंडू देऊ नये. आधी चिंध्यांचा मोठा चेंडू, दोन हातांवरून. भीती गेली, की अंतर वाढवावे.

इथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. मन मोकळे करून सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने किरकोळ. त्याला चेंडू झेलता येत नसे. पळताना पाय अडखळत. त्याच्या बाजूचा संघ हरायचा आणि मुले कुरकुरायची. आम्ही सोपा मार्ग काढला. त्याला म्हणालो, "तू सगळ्यांच्या चपला राख आणि गुण मोज." मुलगा शहाणा. काही बोलला नाही. रोज चपला ओळीने लावून बसायचा. अशी चार वर्षे गेली. आम्हाला वाटे, पोराची सोय झाली.

पुढे त्याची धाकटी बहीण आमच्याकडे पाचवीला आली. खेळाच्या पहिल्या तासाला सगळी मुले मैदानाकडे धावली. ही एकटी मागे राहिली. कुणी काही सांगण्याआधी तिने चपला गोळा करायला सुरुवात केली. आम्ही विचारले, "का गं, खेळायचं नाही?" ती म्हणाली, "दादानं सांगितलंय, आपल्याला खेळ येत नाही. आपण चपला राखायच्या."

मंडळी, त्या दिवशी आम्हाला मान वर करवेना. त्या घराला खेळ येत नव्हता, असे नाही. आम्ही तो शिकवला नव्हता. ज्याला वाचता येत नाही त्याला वर्गाबाहेर बसवून दप्तरे राखायला लावली, तर त्या मास्तराला तुम्ही काय म्हणाल? आम्ही तेच केले होते.

त्या मुलीला आम्ही पहिल्या अक्षरापासून घेतले. चिंध्यांचा चेंडू. एका पायावर उभे राहणे. रेघेवरून चालणे. उडी मारून आवाज न करता उतरणे. पी हळद आणि हो गोरी, असे काही झाले नाही. दीड-दोन महिने लागले. मग तिला खो-खोत घेतले.

खो-खो तर आपला सगळ्यांचा खेळ. खेडोपाडी तो आधीपासून खेळला जाई. त्याला लेखी नियम दिले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, १९१४ साली. या खेळाला साधने फार लागत नाहीत. दोन खांब आणि मोकळी जागा बस. पण शरीराची जवळजवळ सगळी अक्षरे त्यात येतात.

कशी ती बघा. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण ओळीने उकिडवे बसतात. एकाचे तोंड इकडे, तर शेजारच्याचे तिकडे. नववा पळतो. त्याने एकदा दिशा धरली, की खांबापर्यंत मागे वळायचे नाही. बसलेल्यांच्या मधून जायचे नाही. ज्याला उठवायचे त्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचे. दुसऱ्या संघाचे तिघे पळत असतात. त्यांना मधून जाण्याची मोकळीक असते.

आता अक्षरे मोजा. उकिडवे बसून एकदम उठणे हे एक. पहिल्या पावलालाच वेग घेणे हे दुसरे. खांब धरून गिरकी घेणे हे तिसरे. निसटत्या गड्याला शिवण्यासाठी सूर मारणे आणि पडताना अंग सांभाळणे हे चौथे. हुलकावणी देणाऱ्याने तर कंबर खाली ठेवून, बाहेरच्या पायाने जमीन रेटून वळायचे असते. हे नुसत्या जोराने होत नाही. ज्याने अक्षरे गिरवली त्यालाच साधते.

आमची ती मुलगी चौथ्या चौकोनात बसली होती. पाठीवर हात पडला. 'खो' म्हटले गेले. ती उठली, तीन पावले पळाली आणि तिने एकीला बाद केले. ती काही मोठी खेळाडू झाली नाही. पण चपलांजवळ पुन्हा बसली नाही. तिच्या भावाची चार वर्षे मात्र आम्ही परत देऊ शकलो नाही.

हाच खो-खो पुढे कुठवर गेला, तेही ऐका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे.

दुसरे उदाहरण अविनाश साबळे यांचे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्यांचे गाव. घर शेतकऱ्याचे. लहानपणी शाळा दूर होती आणि गाडी नव्हती. म्हणून ते कधी चालत, कधी पळत शाळेला जात. पुढे सैन्यात गेले आणि अडथळ्यांच्या शर्यतीत उतरले. ही शर्यत ३,००० मीटरची. तिच्यात २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो. अडथळा कमरेइतका उंच आणि भक्कम. पाय लागला तर अडथळा पडत नाही, माणूस पडतो. २०२३ साली चीनमध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. पळण्याचा दम त्यांना शाळेच्या वाटेने दिला. पण अडथळ्यावरून कसे जायचे, पाण्यात कोणत्या पायावर उतरायचे, हे शिकावेच लागले.

तुम्ही म्हणाल, आमच्या पोरांना काय पदके आणायची आहेत? नसतील आणायची. पण पोते उचलताना पाठ सांभाळायची आहे. पावसात बांधावरून घसरले तर हात-पाय मोडू द्यायचा नाही. शिवाय मुलांच्या वाढीला हालचाल लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. मोबाईल हातात घेऊन बसलेल्या पोराचा तास कसा जातो, ते तुम्ही रोज बघता.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगतो. खेळाच्या तासाला मुलाला घरकामासाठी बोलावून घेऊ नका. मुलगी बारा वर्षांची झाली, की तिचा खेळ बंद करू नका. आणि शाळेत गेलात तर गुरुजींना, बाईंना एवढेच विचारा, "आमचं पोरगं खेळाच्या तासाला काय करतं? खेळतं, की चपला राखतं?"

त्या सभेतल्या गृहस्थांना आम्ही शेवटी एवढेच म्हणालो, "दादा, कुत्रं मागं लागलं की पोरगं पळतं, हे खरं. पण वाटेत खड्डा आला, तर ते कसं उडी मारेल आणि कसं उतरेल, ते आम्ही शिकवतो."

ते हसले. आणि पुढच्या रविवारी मुलाला घेऊन मैदानावर आले.